थर्मासचं झाकण

"घे गं, आल्याचा आहे," एवढंच म्हणाल्या आजी आणि थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा त्यांनी माझ्यापुढं धरला. वाफा येत होत्या, वारा असा की नाकाचा शेंडा बधिर झालेला, आणि मी टेम्पल स्क्वेअरच्या, म्हणजे आमच्या मॉर्मन चर्चच्या टेम्पलच्या आवारातल्या, बाकावर त्यांच्या शेजारी बसून त्या झाकणाकडे नुसती बघत राहिले.

थांबा, आधी सोमवारचं सांगते, नाहीतर आई म्हणेल मधूनच सुरू करतेस. सोमवार म्हणजे आम्हा मिशनरींचा पी-डे, आठवड्यातला एकच मोकळा दिवस, त्यात कपडे धुवायचे, भाजी आणायची, घरी व्हिडिओ कॉल करायचा आणि उरलेल्या वेळात फिरायचं. या सोमवारी एका सिनियर मिशनरी जोडप्यानं आम्हा चौघींना गाडीतून ग्रेट सॉल्ट लेक बघायला नेलं. गाडीतून उतरल्या उतरल्या जो वास आला ना, डोळे मिटले असते तर मी लोणारला आहे असंच वाटलं असतं, तोच सडक्या अंड्यांचा वास, काठावर तशीच पांढरी खार. पाणी खूप मागं गेलंय, २०२२ मध्ये तर नोंदी ठेवायला लागल्यापासूनची सगळ्यात खालची पातळी होती म्हणे. या पाण्यात माणूस आपोआप तरंगतो, पण मिशनवर असताना पोहायचं नाही असा आम्हाला नियम आहे, त्यामुळं काठावर उभं राहून पलीकडच्या डोंगरांचे फोटो काढले आणि परत आलो. माझी कम्पॅनियन, म्हणजे मिशनवरची जोडीदार, टोंगाची, समुद्रात वाढलेली मुलगी, ती बराच वेळ पाण्याकडे बघत गप्प उभी होती. संध्याकाळी चर्चच्या जिममध्ये व्हॉलीबॉल खेळलो तेव्हा कुठं तिचा मूड परत आला.

तर मंगळवार.

मला इथं सॉल्ट लेक सिटीत येऊन सव्वा वर्ष झालं, अजून तीन महिने राहिलेत. टेम्पल स्क्वेअरच्या मिशनमध्ये आम्ही सगळ्या मुलीच, जगभरातून आलेल्या, आणि प्रत्येकीच्या काळ्या नेमटॅगबरोबर आपापल्या देशाचा झेंडा असतो. माझा तिरंगा बघून भारतीय लोक थांबतात, बहुतेक वेळा हिंदीत बोलतात, कधी तेलुगूत सुरू करतात. मंगळवारी मात्र मागून आवाज आला, "अहो, ही आपल्याकडची दिसतेय, विचारा की तिला बाथरूम कुठंय." मी वळून मराठीत सांगितलं तर आजी आधी दचकल्या आणि मग माझा हातच धरला त्यांनी.

आजी-आजोबा नाशिकचे. मुलगा इथून जवळच्या लेहाय गावात आयटीत आहे, सून पण नोकरी करते, नातू शाळेत, आणि दिवाळीचा आठवडा असूनही इथं कुणाला सुट्टी नाही. मुलानं सकाळी ट्रेनमध्ये बसवून दिलं, बघून या म्हणाला. आजींच्या पातळावर जाड जॅकेट, डोक्याला स्कार्फ, पायात नातवाच्या मापाचे स्पोर्ट शूज. रस्ता ओलांडून आल्यामुळं दोघांना धाप लागली होती. इथले रस्ते १३२ फूट रुंद आहेत, बैलगाडी वळवता यावी म्हणून तसे आखलेत असं सांगतात, आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात ते सिग्नलला, मध्यावर पोचतात तोवर आकडे उलटे सुरू झालेले असतात. रस्ते आखणाऱ्यांनी बैलांचा विचार केला पण आता गुडघ्यांचाही करायला हवा, मी हे मनापासून सांगते, रोज बघते ना.

आजोबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळं टेम्पलभोवतीच्या क्रेन बघून ते एकदम जागे झाले. मी सांगितलं, बांधायला ४० वर्षं लागली, १८५३ ते १८९३, दगड लिटल कॉटनवूड कॅन्यनमधून आधी बैलगाड्यांवर आणि नंतर रेल्वेनं आणला, आणि आता भूकंपाचा धक्का इमारतीला कमी बसावा म्हणून खालून पायाचं काम चाललंय. २०२० च्या मार्चमध्ये ५.७ चा भूकंप झाला तेव्हा शिखरावरच्या देवदूताच्या हातातली तुतारी पडली होती. "म्हणजे काम वेळेत हातात घेतलं," आजोबा म्हणाले, आणि मग त्यांनी ते दोन प्रश्न विचारले जे मला रोज येतात. पहिला, पगार किती देतात. काही नाही आजोबा, उलट आम्हीच जमेल तसे पैसे भरतो, दीड वर्षासाठी. दुसरा त्यांनी आजी थोड्या पुढं गेल्यावर हळूच विचारला, तुमच्यात पुरुषांना अनेक बायका असतात ना. ते १८९० मध्येच चर्चनं थांबवलं, आता कुणी केलं तर त्याला चर्चमधून काढतात, असं सांगितलं. एरवी या प्रश्नाचा मला राग येतो, कारण विचारणारा आधीच हसत असतो. आजोबा हसले नाहीत, "बरं झालं, ही माहिती नव्हती" म्हणाले, मला फार बरं वाटलं.

टॅबरनॅकलमध्ये नेलं. १८६७ चा हॉल, वर भलामोठा लाकडी घुमट, पुढं पिन पडली तर १७० फुटांवर मागच्या बाकाला ऐकू येते, ते दाखवतातच. आजी मागं बसल्या, पिन पडली, टिक्, आणि त्या खरंच उभ्या राहिल्या. नंतर ऑर्गन वाजला, ११,६२३ पाइपांचा आहे तो, छातीत घुमतो. बाहेर येताना मी सहज बोलून गेले की आमच्या नगरच्या आजीच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, मला त्याची फार आठवण येते. आजोबा थांबले. "म्हणजे तू मूळची ख्रिश्चनच? अगं, लक्ष्मीबाई टिळक आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या." मग आम्ही नगरचं, नाशिकचं इतकं बोललो की माझी कम्पॅनियन बिचारी शेजारी उभी राहून नुसती हसत होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं.

आणि मग बाक, पिशवीतून निघालेला स्टीलचा थर्मास, आणि "घे गं, आल्याचा आहे."

आमच्या चर्चमध्ये चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच घेत नाहीत. १८३३ मध्ये सल्ला म्हणून आलेला हा नियम आहे आणि मी तो बाप्तिस्म्याच्या वेळी स्वतः कबूल केलाय, कुणी लादलेला नाही. इथं अमेरिकेत नो थँक्स म्हटलं की विषय संपतो. पण मराठी बाईनं समोर धरलेल्या चहाला नाही म्हणायला शब्दच नाहीत आपल्याकडे, नुकताच झाला म्हणता येतं, अर्धाच द्या म्हणता येतं, नको कसं म्हणणार? मी म्हटलं, "आजी, मी चहा घेत नाही हो." त्यांना वाटलं लाजतेय. "अगं घोटभर घे, गारठलीस." मी परत नाही म्हटलं. आजींचा हात तसाच पुढं राहिला, चेहरा मात्र बदलला, आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या हातचं चालत नाही का तुला?"

माझ्या पोटात खड्डा पडला. नगरची आजी, म्हणजे माझी सख्खी आजी, ती लहान असताना गावात एका घरी तिच्या आईबरोबर कामाला जायची. तिथं त्यांच्यासाठी गोठ्यातल्या कोनाड्यात एक कप ठेवलेला असायचा, कान तुटलेला. वरून चहा ओतायचे, पिऊन झाला की तो कप यांनीच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. आजी हे सांगताना कधी चिडायची नाही, फक्त कपाचा कान कुठून तुटला होता ते बोटानं हवेत दाखवायची. आणि इथं ही नाशिकची आजी मला आपल्या स्वतःच्या थर्मासचं झाकण देत होती, आणि ज्या प्रश्नाचं ओझं आमच्या घरात तीन पिढ्या आहे तोच प्रश्न ती मला विचारत होती.

मी तिचा हात धरला आणि जमेल तसं सगळं सांगितलं. हातचं नाही आजी, फक्त चहा नाही, कुणाच्याच हातचा नाही, आईच्या हातचाही आता घेत नाही. वास आवडतो अजून, खोटं कशाला बोलू. पण एकदा देवाला शब्द दिलाय. आजींनी ऐकून घेतलं, झाकण बाकावर ठेवलं आणि पिशवीत परत हात घातला. "लाडूला काही नाही ना शब्द?" नाही म्हटल्यावर बेसनाचे दोन लाडू आणि मूठभर चकल्या निघाल्या. मी लाडू तिथंच खाल्ला, बेदाण्यासकट. माझ्या कम्पॅनियननं चार चकल्या संपवल्या आणि अजून मागितल्या, तेव्हा आजी पहिल्यांदा हसल्या.

आजोबा म्हणाले, "पण बाई, आपल्याकडची तू पहिलीच असशील इथं." नाही, असं सांगून मी त्यांना एलिझाबेथ झेव्हियर टेटची गोष्ट सांगितली. ही मुंबईची. १८५० च्या दशकात आमचे मिशनरी मुंबईला, पुण्याला आले होते, तेव्हाची ही बाई, नवरा ब्रिटिश फौजेतला. १८५६ मध्ये ती हातगाडीवाल्यांच्या विली कंपनीबरोबर, म्हणजे तांड्याबरोबर, इकडे आली. बैल परवडत नव्हते म्हणून ही माणसं स्वतः गाड्या ओढायची, आयोवापासून इथपर्यंत साधारण २,१०० किलोमीटर, माणशी १७ पौंड सामान. "म्हणजे आपल्या विमानातल्या हँडबॅगेएवढं," आजोबा म्हणाले. त्या वर्षी निघायला उशीर झाला आणि ऑक्टोबरमध्ये वायोमिंगला बर्फानं गाठलं. त्या कंपनीत आणि मागून येणाऱ्या मार्टिन कंपनीत मिळून दोनशेच्या वर माणसं गेली. इथं बातमी आली तेव्हा चर्चची कॉन्फरन्स भरली होती, तेव्हाचे चर्चचे प्रमुख ब्रिगहॅम यंगनी भाषणं बाजूला ठेवून आधी त्यांना आणायला चला म्हणून सांगितलं, पीठ आणि पांघरुणं घेऊन गाड्या निघाल्या. ९ नोव्हेंबरला विली कंपनी इथं पोचली. एलिझाबेथ वाचली, पुढं दक्षिणेला सीडर सिटीत राहिली.

आजी डोंगरांकडे बघत होत्या, वर नवा बर्फ पडलेला होता. "मुंबईची पोरगी," त्या म्हणाल्या, "तिनं बर्फ तरी कधी बघितला असेल गं?" मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाकावरचा चहा गार झाला होता, तो त्यांनी झाडाच्या बुंध्याशी ओतला.

बुधवारी वेलफेअर स्क्वेअरला सेवा होती, १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळात उभं राहिलेलं चर्चचं मदतकेंद्र, १७८ फुटी धान्याची कोठी लांबूनच दिसते. तिथल्या दुकानात किमतीच्या चिठ्ठ्याच नसतात, गरजू माणूस बिशपची, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या प्रमुखाची, चिठ्ठी घेऊन येतो, सामान नेतो, आणि जमेल ते काम करून देतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन वेळचं जेवण सोडतो आणि ते पैसे अशा कामाला देतो. मी पीच फळाच्या डब्यांची रांग लावत होते आणि एक लहान मुलगा आईला विचारून विचारून ब्रेड निवडत होता, नेहमीच्या दुकानात निवडावा तसाच. मला ती जागा या शहरात सगळ्यात जास्त आवडते, टेम्पलच्या खालोखाल.

गुरुवार, शुक्रवार पाऊस, मीटिंगा, इंग्लिशच्या क्लासला मदत.

शनिवारी दुपारी कम्पॅनियननं कोपरानं ढोसलं. आजी-आजोबा परत रस्ता ओलांडत होते, आकडे उलटे सुरू झालेले, एका गाडीवाल्यानं हॉर्न दिला, इतका संताप आला मला. धावत जाऊन आम्ही दोघींनी एकेकाला धरलं. आजी बाकावर टेकल्या, श्वास खाली बसू दिला आणि पिशवीतून तोच थर्मास काढला. "दूध आहे," त्या म्हणाल्या, "वेलदोडा नि थोडं केशर, बाकी काही नाही. ह्यांनी नेटवर बघितलं, दूध तुमच्यात चालतं म्हणे. चालतं ना?"

चालतं म्हटलं. झाकण भरून मला दिलं, मी प्यायले, जीभ भाजली तरी थांबले नाही. मग कम्पॅनियनला दिलं, ती डोळे मिटून प्यायली आणि यात काय काय आहे ते मला विचारत बसली. आजींनी झाकण तिच्या हातातून परत घेतलं, आजोबा टिश्यू काढत होते त्यांना नको म्हणाल्या, त्याच झाकणात स्वतःला दूध ओतलं आणि फुंकर मारून प्यायला लागल्या.