रेंज ८७०, रस्ता कोकणातला: हायब्रिडने पुणे ते मालवण

निघायच्या आदल्या रात्री पुण्यात टाकी फुल केली. पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला तिथेच थांबलो आणि ट्रिप मीटर शून्यावर आणला. गाडी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर; टाकी ४५ लिटरची. पडद्यावर रेंज, म्हणजे आहे त्या पेट्रोलवर गाडी अजून किती किमी जाईल तो अंदाज, आली ८७०. सागरी मार्गाने मालवण गाठायचे आणि हा आकडा कितपत खरा ठरतो ते वाटेत लिहीत जायचे, असे बाबांनी आणि मी ठरवले होते. वही बाबांकडे, त्यांची ही सवय स्कूटरच्या काळापासूनची.

ताम्हिणी उतरून माणगावला पोचलो तेव्हा १०४ किमी झाले होते आणि रेंज घटली होती फक्त ५८ ने. घाटउतारावर इंजिन बहुतेक बंदच होते, त्यामुळे ॲव्हरेज चढले आणि गाडीने तेच उरलेल्या पेट्रोललाही लावले. रेंजचे गणित तेवढेच असते: टाकीतले लिटर गुणिले अलीकडचे ॲव्हरेज. पुढे चढ आहे हे तिला ठाऊक नसते. माणगावचा ८१२ चा आकडा पाहून कोणी बेत आखू नये. हरिहरेश्वरपर्यंतच्या ६० किमीत मग ६७ कमी झाले, म्हणजे जवळपास बरोबर.

खरी परीक्षा बाणकोटच्या खाडीपलीकडे. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरलो आणि केळशी, आंजर्ले, हर्णे करत दापोली गाठली. गावे खाली समुद्राला लागून, मध्ये डोंगर. एक घाटी उतरावी तो दुसरी चढायला लागते. ६० किमीत रेंज १०५ ने खाली आली. उतारावर हायब्रिडची बॅटरी आपोआप भरत जाते, पण ती लहान असते. लांब उताराच्या अर्ध्या वाटेतच ती पूर्ण भरते, त्यापुढच्या उताराचे काही साठत नाही. चढाला मात्र पेट्रोल पुरेपूर लागते.

दाभोळच्या जेटीवर पाऊण तास रांगेत होतो, एसी चालू. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू व्हायचे. गाडी जागची हलली नाही, तरी रेंज ९ ने कमी झाली. बाबा म्हणाले, "अरे काचा खाली कर, वारा आहे की!" पुढे तवसाळच्या जेटीवर तेच केले.

फेरीबोटींवरून एक गोष्ट कळकळीने सांगतो. दाभोळहून समोरच्या धोपाव्याला जायला बोटीने काही मिनिटे लागतात. बोट चुकली किंवा बंद असली तर चिपळूणवरून वळसा पडतो, शंभर किमीच्या वर. तेव्हा जेटीवर पोचताना हा वळसा पुरेल एवढे पेट्रोल गाडीत हवेच. पंप श्रीवर्धन, दापोली, गुहागर, देवगड अशा तालुक्याच्या गावी बघून ठेवा, किनाऱ्याच्या लहान गावांच्या भरवशावर राहू नका.

जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, विजयदुर्ग करत मालवणला आलो तेव्हा ट्रिप मीटर ५६१ आणि रेंज २५०. बेरीज ८११. पुण्यात दाखवलेल्या ८७० पेक्षा ५९ कमी, म्हणजे सुमारे ७ टक्के. एवढ्या चढउतारांच्या रस्त्याला मी याला चांगला अंदाज म्हणेन.

पण तिथे टाकी पुन्हा नोझल बंद होईपर्यंत भरली आणि खरी गंमत कळली. पेट्रोल बसले २९.१ लिटर. म्हणजे ॲव्हरेज १९.३, पडद्यावर होते २०.४. गाडी मायलेज वाढवून सांगत होती. उलट टाकीत १५.९ लिटर शिल्लक होते आणि २५० किमीला तिच्याच ॲव्हरेजने सव्वाबारा पुरले असते. साडेतीनेक लिटर ती हिशेबात धरतच नव्हती. एक चूक जास्तीची, एक कमीची. दोन्ही मिळून आकडा जागेवर येतो. मात्र त्या शिल्लक लिटरांवर विसंबून शून्यापर्यंत जाऊ नका. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि पेट्रोल संपल्यावर नुसत्या बॅटरीवर गाडी ओढली तर बॅटरीचेही नुकसान होऊ शकते.

तुमच्या गाडीचा फरक वेगळा असेल. दोन-तीन वेळा असेच फुल-टू-फुल मोजा, शक्यतो एकाच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून; उतरत्या फरशीवर नोझल लवकर किंवा उशिरा बंद होऊ शकतो.

परतताना फोंडा घाटाच्या १२ किमी चढात रेंज ४१ ने पडली. घाबरू नका, पुढे सपाटीला ती सावरली. घाट चढायचा असेल त्या दिवशी आम्ही आता पायथ्याच्या आकड्यातून ५० आधीच वजा करतो.