मतदार यादीत नाव लागेपर्यंत

मतदार यादीत नाव असेल तरच आपण ग्रामसभेचे सदस्य. अठरा पूर्ण झाली, बारावी झाली, तरी यादीत नाव नसेल तर ठरावावर हात वर करता येत नाही. हे कळलं तेव्हाच ठरवलं, नाव लावायचंच.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. आई-अण्णा कारखान्याला गेले की घरातला एकच स्मार्टफोन त्यांच्यासोबत जातो, कारण मुकादमाचे फोन त्यावर येतात. मागं उरतो आम्ही, आजी आणि मी, आणि आजीचा बटनाचा मोबाईल.

नव्या मतदाराचा फॉर्म 6 ऑनलाइन भरता येतो, पण त्याआधी ओटीपी लागतो. मैत्रिणीच्या फोनवर निवडणूक आयोगाचं पोर्टल उघडलं आणि नंबर आजीचा टाकला. बटनाच्या मोबाईलवरही ओटीपी येतो, हे बऱ्याच मुलींना माहीत नसतं. घरात रेंज नाही, म्हणून मैत्रीण आणि मी मारुतीच्या पारावर जाऊन बसायचो. मेसेज यायचा तोवर ओटीपीची वेळ संपलेली. कधी फोटो चढता चढता नेट जायचं. मैत्रिणीचा रिचार्ज तिच्या भावाच्या हातात, त्यामुळं तिलाही घाई.

फॉर्ममध्ये घरातल्या मतदाराच्या ओळखपत्राचा नंबर विचारतात. अण्णांचं कार्ड त्यांच्याबरोबर सांगलीकडं, कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर. शेवटी आजीचं कार्ड ट्रंकेत सापडलं. वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र, पत्त्यासाठी आधार जोडलं आणि अर्ज गेला.

पडताळणीला बीएलओ, म्हणजे गावच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाई, घरी आल्या. त्या आमच्या अंगणवाडीच्याच ताई. त्या म्हणाल्या, "अगं, कागदावरचा फॉर्म माझ्याकडं दिला असतास तरी चाललं असतं." नोंदणी शिबिराची सूचना गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली होती. त्या ग्रुपात आमच्या वयाची एकही मुलगी नाही. घरकुलाची यादी, टँकर, ग्रामसभेची नोटीस, सगळं तिथंच कळतं. पोरं पारावर त्यावर वाद घालतात, आम्हाला निर्णय झाल्यावर समजतो. मला याचा राग येतो. 61व्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय 21 वरून 18 केलं ते सगळ्यांसाठी, फोन असलेल्यांपुरतं नाही. नोटीस ग्रुपवर जरूर टाका, पण दवंडी आणि फळाही चालू ठेवा.

नाव यादीत आलं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी हंगामी वसतिगृहाचं विचारलं. आई-बाप कारखान्याला गेल्यावर लेकरं गावातच राहून शिकावीत म्हणून ते असतं. ज्यांची लेकरं, ती माणसं त्या दिवशी उसाच्या फडात होती, म्हणून तर कुणीतरी विचारायलाच हवं होतं. प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला.

नाव लावायला अठरा पूर्ण झाली का हे बघताना 2022 पासून वर्षात 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. म्हणून पुढच्या दसऱ्याआधी, आई-बाप आणि त्यांची कार्डं गावात असतानाच, आम्ही दोघी मैत्रिणी वस्तीवरच्या मुलींचे फॉर्म भरून घेणार आहोत. कोरे फॉर्म ताईंनी दिलेत.