वाड्याखालचा घाणा

नोव्हेंबरात इटलीला गेलो तेव्हा रोम-व्हेनिस सगळं बाजूला ठेवून आम्ही दोघं थेट पुलियात उतरलो, म्हणजे इटलीच्या बुटाची टाच, आणि ओस्तुनीजवळ एका मास्सेरियात तीन रात्री राहिलो. मास्सेरिया म्हणजे तटबंदी असलेला जुना शेतवाडा. समुद्रावरून चाचे यायचे त्या काळातला, त्यामुळे भिंती हातभर जाड, आणि दरवाज्याच्या बरोब्बर वर दगड टाकायला ठेवलेली फट अजून तशीच आहे. जुन्या गोठ्यांच्या आता पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात, झोप मस्त लागते.

पण मला सांगायचंय ते खालच्या घाण्याबद्दल. अंगणातून पायऱ्या उतरल्या की अख्ख्या खडकात कोरलेली गुहा. खाली कशाला, तर थंडीत ऑलिव्हचं तेल गोठतं आणि जमिनीखाली ऊब टिकून राहते. मधोमध भलंमोठं दगडी जातं, ते डोळ्यावर पट्टी बांधलेलं खेचर ओढायचं. मला एकदम आजोळच्या तेलघाण्याचा बैल आठवला, त्याच्याही डोळ्यांवर झापडं असायची. माणसं ऑक्टोबरपासून पार मेपर्यंत तिथंच राबायची, तिथंच झोपायची, आणि त्यांच्या मुकादमाला म्हणायचे नाकीरो, हा शब्द जहाजाच्या कप्तानावरून आलाय. छत दिव्याच्या काजळीनं अजून काळं आहे, मी बोट फिरवलं तर बोट काळं झालं. आणि एवढं करून काढलेलं बरंचसं तेल खायचं नव्हतंच, दिव्याचं होतं! पुलियातल्याच गल्लीपोली बंदरातून ते जहाजांनी लंडनपर्यंत जायचं.

आता वर स्टीलची मशीन्स आहेत, तापमान 27 डिग्रीच्या आत ठेवतात, आणि लिटरभर तेलाला 5-6 किलो ऑलिव्ह तरी लागतात. मालकीणबाईंनी ताजं हिरवं तेल भाजलेल्या पावावर ओतून दिलं, पहिल्याच घासाला घशात मिरचीसारखी चुणचुण आणि ठसका. त्या खूश, म्हणाल्या ठसका लागला म्हणजे तेल चांगलं.

शेवटच्या सकाळी त्यांच्यासोबत शेतात फिरलो. खोडं अशी पिळवटलेली की आत माणूस उभा राहील, काही झाडं हजार वर्षांच्या पुढची म्हणतात. 2013 साली दक्षिणेला गल्लीपोलीजवळ झायलेला नावाचा बॅक्टेरिया सापडला, तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करतो, लाखो झाडं उभीच्या उभी वाळली आणि आता तो ओस्तुनीपर्यंत आलाय. बाई आमच्याशी बोलता बोलता प्रत्येक झाडापाशी थांबत होत्या, फांदी खाली ओढून पानांची टोकं करपलीत का बघायच्या, मग फांदी हळूच सोडून पुढच्या झाडाकडे.