तुम्ही विचारलंत म्हणून: त्या प्रोजेक्टांचं पुढे होतं काय?

इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते म्हटलं की प्रदर्शनाला आलेले पालक हमखास विचारतात, नात्यातल्या लग्नातही कुणी ना कुणी गाठतंच: "मॅडम, दर वर्षी मुलं एवढी यंत्रं बनवतात, त्यांचं पुढे होतं काय?"

बहुतेकांचं भंगार होतं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येऊन गेले, व्हायवा (तोंडी परीक्षा) झाली, सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, जमा झालं की यंत्र वर्कशॉपमागच्या शेडमध्ये जातं. मोटर आणि बेअरिंगं पुढची बॅच काढून नेते, स्क्वेअर ट्यूब कापून दुसऱ्या सांगाड्याला लागते, उरलेलं किलोवर जातं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. चौघांनी पहिल्यांदा वेल्डिंग केलं, ड्रॉइंगमध्ये बरोबर दिसणारा शाफ्ट बेअरिंगमध्ये का जात नाही ते स्वतःच्या हातानं पाहिलं. तेवढं पदरात पडलं तर यंत्र मोडीत गेलं तरी चालेल. (तयार प्रोजेक्ट विकत आणणाऱ्यांच्या पदरात तेही पडत नाही, पण ते रडगाणं आज नको.)

वाईट वाटतं ते शेतकऱ्यांसाठी म्हणून केलेल्या यंत्रांचं. शेंगा फोडायचं यंत्र आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं जन्म घेतं. वर फिरता ड्रम, खाली अर्धगोल जाळी, मधल्या फटीत शेंग रगडली जाते आणि दाणा खाली पडतो. सगळा खेळ त्या फटीचा. फट जास्त झाली तर बारीक शेंग तशीच बाहेर येते, कमी झाली तर दाण्याची डाळ होते. त्यात शेंग कमी-जास्त वाळलेली असली की हिशेब पुन्हा बदलतो. परीक्षेच्या दिवशी मात्र निवडून आणलेल्या एकसारख्या शेंगा झकास फुटतात. हंगामभर कुणाच्या खळ्यावर ते यंत्र चाललेलंच नसतं, त्यामुळे दाण्यांची फूट खरोखर किती होते हे त्या मुलांना कळत नाही. पुढच्या बॅचलाही नाही, कारण तीही ड्रमपासूनच सुरुवात करते.

बाहा या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी खडबडीत रस्त्यावरची गाडी करणाऱ्या पोरांचं एक बरं असतं. जुनी गाडी सरावाला ठेवतात, ज्युनियर तिच्यावर हात काळे करतात, आणि गेल्या स्पर्धेत काय तुटलं हे सिनियर त्यांना फोनवरसुद्धा ऐकवत असतात.

पण खरी टिकतात ती टेस्ट रिग, म्हणजे प्रयोग करून मोजमाप घ्यायची मांडणी. प्रदर्शनात त्यांच्यासमोर कुणी थांबत नाही. आमच्या लॅबमधली एक रिग म्हणजे आडवी नळी, तिच्यावर गुंडाळलेला हीटर, एका टोकाला ब्लोअर, आणि जागोजागी तापमान मोजणारे थर्मोकपल. एम.ई.ची मुलं तिच्यात पीळ दिलेली पट्टी घालतात. हवा गोल फिरत जाते, नळीच्या भिंतीवरची उष्णता जास्त उचलते. वेगवेगळ्या पिळांच्या पट्ट्यांवर जगभर इतके प्रबंध झालेत की सिनॉप्सिस (विषयाची रूपरेषा) दिसली की सहकारी हसतात. मी हसत नाही, कारण या विषयात उत्तर ताडून बघता येतं.

पट्टी घालण्याआधी रिकाम्या नळीचं रीडिंग घ्यायचं. हीटरला दिलेली वीज आणि हवेनं नेलेली उष्णता जवळपास जुळली पाहिजे. नाही जुळली तर ग्लासवूलच्या आवरणातून कुठेतरी गळती आहे किंवा मोजमापातच खोट आहे. मग रीडिंगमधून निघालेला आकडा डिटस-बोल्टर समीकरणाशी, म्हणजे रिकाम्या नळीत हवेनं किती उष्णता उचलायला हवी ते सांगणाऱ्या सूत्राशी ताडायचा. डिटस आणि बोल्टर यांनी १९३० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात मोटारींच्या रेडिएटरवर काम केलं, त्यातून हे नाव आलं. रिकामी नळी जुळायलाच मुलांचे आठवडे जातात आणि त्यांना वाटतं अजून प्रोजेक्ट सुरूच झाला नाही!

पट्टी घातल्यावरचा मोह वेगळा. समजा उष्णता वाहून नेण्याचा गुणांक १.६ पट झाला. मुलं खूश. पण घर्षण गुणांक, म्हणजे हवेला होणारा अडथळा, चौपट झाला, त्याचं काय? ब्लोअरची ताकद तेवढीच धरून तुलना करायची तर १.६ ला चारच्या घनमुळानं भागायचं. ते घनमूळ येतं १.५९, म्हणजे भागाकार जेमतेम १. म्हणजे पदरात काहीच नाही. असा निकाल ब्लॅक बुकात सरळ लिहिणारा विद्यार्थी मला पेटंटचा अर्ज भरणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

रिग टिकते म्हणजे किती टिकावी? ऑसबॉर्न रेनॉल्ड्स मँचेस्टरला प्राध्यापक होते. काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची धार सोडून ती कधी सरळ राहते आणि कधी विस्कटते, हे त्यांनी पाहिलं आणि १८८३ मध्ये छापलं. ते उपकरण मँचेस्टर विद्यापीठात अजून आहे. पुढे त्याच उपकरणावर प्रयोग पुन्हा केला, तेव्हा रेनॉल्ड्सना सुमारे १३,००० या रेनॉल्ड्स अंकाला (पाण्याचा वेग, नळीची रुंदी आणि पाण्याचा दाटपणा यांतून निघणारा आकडा) दिसलेली विस्कट त्याहून कमी आकड्यालाच दिसू लागली. कारण काय, तर आता बाहेरच्या रस्त्यावरून वाहनं जातात, त्यांची थरथर.

एकाच बॅचपुरतं न राहता काम टिकल्याचं आपल्याकडचंही उदाहरण आहे. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा जेमतेम किलोभराचा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. मोटरनं फिरणाऱ्या चाकांऐवजी आतल्या चुंबकाच्या जोरावर, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून स्वतःला सावरणारा. ज्यांनी आरंभ केला ते केव्हाच पास होऊन गेले होते. काम एका बॅचकडून दुसरीकडे जात राहिलं.

म्हणून आता माझा एक हट्ट आहे. जुन्या बॅचचं एखादं रीडिंग त्याच रिगवर पुन्हा काढून दाखवल्याशिवाय मी नव्या सिनॉप्सिसवर सही करत नाही. मुलं कुरकुरतात, वर्ष वाया जाईल म्हणतात. आणि रीडिंग जुळलं नाही की विचारतात, मॅडम, आता? आता काय, विषय मिळाला की.