तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलला मीटर कशाला?

माझं रत्नागिरीत औषधांचं दुकान आहे. गोळ्यांची पट्टी कापून होईपर्यंत समोरच्याला काहीतरी बोलायचं असतंच, त्यात हा प्रश्न ठरलेला: "तुम्ही म्हणे सायकलला वॉट मोजायचं मीटर लावलंय. त्याने वेग वाढतो का हो?"

नाही वाढत. खरं तर पहिले दोन महिने माझा वेग कमीच झाला.

वॉट म्हटलं की लोकांना दिवा आठवतो, आणि ते बरोबरच आहे, वॉट तोच. पायाच्या जोराने क्रँकचा, म्हणजे पॅडल ज्याला लावलेलं असतं तो, दांडा डोळ्याला दिसणारही नाही इतका वाकतो. त्यावर चिकटवलेली स्ट्रेन गेज ते वाकणं मोजते. त्यावरून निघालेल्या जोराला फिरण्याच्या गतीने गुणलं की वॉट. आमच्या घरचा मिक्सर ५०० वॉटचा आहे. मी जीव काढून तासभर टिकवू शकेन अशी ताकद १९४. म्हणजे ओल्या खोबऱ्याचं वाटणही माझ्या जिवावर व्हायचं नाही.

हा १९४ चा आकडा काढणं हीच एक मोहीम होती. रीत अशी, की सलग २० मिनिटं जमेल तेवढा जोर लावायचा आणि सरासरीचे ९५ टक्के धरायचे. पण आमच्याकडे सलग २० मिनिटं कुठून आणायची? सड्यावरून खाडीत आणि खाडीतून सड्यावर, असे आमचे रस्ते. उतारावर पाय थांबले की मीटरवर शून्य. शेवटी सायकल गाडीत टाकून साखरप्याला गेलो आणि आंबा घाट चढलो. सरासरी आली २०४. वर पोचल्यावर बराच वेळ मी कठड्याला टेकून होतो. एका ट्रकवाल्याने थांबून पाणी विचारलं.

मग उपयोग काय? माझ्यापुरता उपयोग एकच: हे मीटर मला आवरतं. आधी मी आरे-वारेचा पहिला चढ दिसला की पेटायचो. मीटर लावल्यावर कळलं, तिथे मी २८० ला जातोय. म्हणजे गणपतीपुळ्याच्या निम्म्या वाटेवरच सगळी पुंजी उधळलेली, आणि येताना चढावर सायकल हातात. आता चढाला २१० च्या वर जायचं नाही, असा नेम आहे. सोबतचे पुढे जातात, ते मुकाट बघायचं. हे जमायला मला एक अख्खा हिवाळा लागला. ताकद वाढायला लागला नसेल तेवढा.

वेगावर विसंबून आमच्या किनाऱ्यावर काही कळत नाही. एप्रिलातल्या दुपारी वायव्येचा वारा सुटला की भाट्याच्या सुरूबनाजवळच्या सपाट रस्त्यावर पावसकडे जाताना ३१ चा वेग आणि परत येताना १९. दोन्हीकडे वॉट १३०. जाताना मी स्वतःला शाबासकी द्यायचो आणि येताना म्हातारपणाला दोष, दोन्ही फुकट. नाडीचंही तसंच. जानेवारीत १३० वॉटला माझे ठोके १२८ असतात, मे महिन्यात तेवढ्याच वॉटला १४६. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, आणि हृदयाला जादा धावावं लागतं. म्हणून ठोके फालतू, असं मात्र नाही. मे महिन्यात मी ठोक्यांचंच ऐकतो आणि वॉट खाली आणतो. पाय काय करतायत ते मीटर सांगतं. त्याची अंगाला काय किंमत पडतेय, ते सांगत नाही.

घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी सांगतो. माझं मीटर फक्त डाव्या दांड्यावर आहे. ते डाव्या पायाचं दुप्पट करून सांगतं. उजवा पाय वेगळा असेल तर आकडा चुकतो. पण रोज तसाच चुकतो, त्यामुळे कालच्या मला आजच्या माझ्याशी ताडून बघायला चालतो. दुसऱ्याशी बढाया मारायला नाही. आणि निघण्याआधी ते शून्यावर आणायचं, मासळीवालीचा तराजू आपण आधी रिकामा बघतो तसं. सेल ग्लुकोमीटरला लागतो तोच, सीआर २०३२. एका जुलैत झाकणाचं रबर नीट बसलं नव्हतं, आत खारी ओल गेली आणि मीटर आठवडाभर तांदळाच्या डब्यात झोपलं.

आमच्या आळीत पहाटे एक पाववाला पोरगा येतो, बिनगियरच्या सायकलवर. त्यानेही परवा विचारलं, "काका, माझे किती येतील?" दुकानाच्या चढाची उंची साधारण १०० मीटर. तो, त्याची सायकल आणि पाव मिळून १०७ किलो धरले, आणि चढायला त्याला ९ मिनिटं लागतात, ती मी मोजली आहेत. पावतीच्या पाठीवर हिशेब केला: १९४. वाऱ्याचा आणि टायरच्या घर्षणाचा खर्च त्यात धरलेलाच नाही. म्हणजे माझी जी कमाल, ती त्याची रोजची फेरी.

मी त्याला आकडा दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे बघत होता.

"बरं," म्हणाला, "पाव सहा ठेवू की आठ?"