गावात शिरायला तिकीट

किल्ल्याला तिकीट असतं, बागेला असतं. पण माणसं राहतात त्या गावाला? इंग्लंडमधल्या डेव्हनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या क्लोव्हेलीत शनिवारी धो धो पावसात काउंटरपुढे उभं राहून माझं डोकंच फिरलं. अख्खं गाव खासगी मालकीचं, १७३८ पासून एकाच घराण्याकडे. “पार्किंग आणि दोन छोटी संग्रहालयं यातच आली,” काउंटरवरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. हर्णैच्या बंदरावर समोर सुवर्णदुर्ग दिसतो, मासळीचा लिलाव चालतो, कुणी प्रवेशाचे पैसे मागत नाही. पापलेट घेताना कापतात, ते सोडा.

तिकीट काढलंच. आत गाड्यांना मज्जाव. रस्ता म्हणजे दगडगोट्यांची घसरगुंडी, थेट बंदरापर्यंत, सुमारे चारशे फूट खाली. आम्ही भिंतीला धरून उतरतोय, तेवढ्यात मागून खर्र खर्र आवाज. एक माणूस घसरगाडी घेऊन येत होता: खाली लाकडाच्या पट्ट्या, वर प्लास्टिकचा क्रेट, त्यात दूध, बटाटे, टॉयलेट पेपर, आणि सगळ्यावर पावसासाठी ताणून बांधलेली काळी पिशवी. उतार वाढला तसा तो गाडीच्या मागे गेला, टाचा रोवल्या आणि दोर हळूहळू सोडत राहिला. आम्ही वाट दिली, तर वर “सॉरी” तोच म्हणाला! पूर्वी हे काम गाढवं करायची. आता फ्रीजसुद्धा असाच उतरतो. कचराही वर चढवत नाहीत, खाली बंदराकडेच ओढत नेतात. तिथवर मागच्या रस्त्याने गाडी येते.

बंदराचा दगडी धक्का चौदाव्या शतकातला. हेरिंग माशांचा धंदा एके काळी जोरात होता, आता बोटी मोजक्याच. पावसात समुद्र दिसेना, म्हणून चिप्स खाल्ले.

इथली घरं विकत मिळत नाहीत, भाड्यानेच देतात, आणि भाडेकरूने स्वतः तिथे राहायचं, ही अट. सुट्टीपुरतं घर ठेवून बाकी वर्ष कुलूप, हे चालत नाही. भर पावसात खिडक्याखिडक्यांत दिवे होते. हे मात्र आवडलं.

“आपल्या वेळणेश्वरच्या घराला कुलूप कधीपासून आहे?” बायकोने विचारलं. तिला कुठलीही गोष्ट तिथेच नेऊन टेकवायची सवय. आमचं वेगळं आहे. सातबाऱ्यावर ढीगभर नावं, कौलं परतायला माणूस मिळत नाही. आणि गणपतीत काका उघडतातच की.