दुसरी पेटी

२००८ सालापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक थिएटरांत प्लॅटर आले होते. पिक्चरची सगळी रिळं एकाला एक जोडून एक भलीमोठी आडवी थाळी भरायची, बटण दाबायचं आणि ऑपरेटरने पुढच्या पडद्याकडे जायचं. मी न्यू जर्सीतल्या ज्या दोन पडद्यांच्या थिएटरात नोकरीला होतो, तिथे मोठ्या पडद्याला अजून जुनीच पद्धत होती. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरा चालू करायचा. मालकाकडे नवं घ्यायला पैसे नव्हते. माझी काही तक्रार नव्हती, कारण सोलापूरच्या टॉकीजमध्ये मी हेच काम शिकलो होतो. नाताळच्या आधीच्या त्या शुक्रवारी संध्याकाळचा शो झाला, तो या जुन्या मशिनांमुळेच.

पिक्चर होता ‘स्लमडॉग मिलियनेअर’. आज सगळ्यांना त्याची ऑस्करं आठवतात, पण तो आमच्यापर्यंत कसा पोचला हे सांगायला हवं. त्याचे अमेरिकेचे हक्क घेतले होते वॉर्नर इंडिपेंडंटने, म्हणजे वॉर्नर ब्रदर्सच्या छोट्या, वेगळ्या पिक्चरांच्या विभागाने. मे २००८मध्ये वॉर्नरने तो विभागच बंद केला आणि सोबत पिक्चरहाउस नावाचा दुसराही. आमच्यासारख्या थिएटरांना हा मोठा धक्का होता. मोठ्या स्टुडिओचे हे छोटे विभाग म्हणजे आमची रोजीरोटी. स्टुडिओचा मोठा पिक्चर आम्हाला परवडत नव्हता आणि मिळतही नव्हता. आमची खुर्ची भरायची ती या विभागांच्या पिक्चरांवर. ‘स्लमडॉग’ तेव्हा थेट डीव्हीडीवर जाणार असं बोललं जात होतं. शेवटी फॉक्स सर्चलाइटने त्यात अर्धा हिस्सा घेतला आणि तो थिएटरात लावायची जबाबदारी उचलली.

सर्चलाइट हा १९९४मध्ये सुरू झालेला, तेव्हा फॉक्स स्टुडिओचा असाच छोटा विभाग होता. पिक्चर कसा वाढवायचा हे त्यांना नेमकं कळायचं. वर्षभरापूर्वी त्यांनी ‘जूनो’ फक्त सात थिएटरांत लावला आणि पुढे त्याचा अमेरिकेतला धंदा चौदा कोटी डॉलरच्या वर नेला. ‘स्लमडॉग’ त्यांनी १२ नोव्हेंबरला लावला, तोही मोजक्या दहा थिएटरांत. मग दर आठवड्याला थोडी थोडी गावं वाढवत नेली. ज्यांनी पाहिला त्यांनी शेजाऱ्याला सांगायचं, शेजाऱ्याने तिकीट शोधायचं, आणि तोवर पिक्चर त्याच्या गावात यायचा. जाहिरातीवर पैसा ओतण्यापेक्षा ही वाट लांबची, पण पिक्चर चांगला असेल तर हीच खात्रीची, असं माझं आजही ठाम मत आहे.

या पद्धतीत प्रिंटा, म्हणजे पिक्चरच्या फिल्मवरच्या प्रती, मोजक्या निघायच्या. एक प्रिंट काढायला तेव्हा हजार-दोन हजार डॉलर लागायचे, त्यामुळे तीच प्रिंट एका गावाहून उतरून दुसऱ्या गावी जायची. आमच्या वाट्याला पेनसिल्व्हेनियातल्या एका थिएटरातली प्रिंट आली. तिथला पडदा नाताळच्या मोठ्या पिक्चरसाठी आधीच ठरलेला होता, म्हणून चालता पिक्चर त्यांना उतरवावा लागला.

शुक्रवारी दुपारी गाडी आली आणि मी बघतो तर एकच पेटी. दोन तासांचा पिक्चर म्हणजे सुमारे १०,८०० फूट फिल्म. सहा रिळं, तीन-तीनच्या दोन पेट्या. गाडीवाल्याच्या कागदावरही एकच लिहिलेली. पेटी उघडली तर पहिलं, दुसरं, तिसरं. बाकीची तीन कुठे, कोणालाच माहीत नाही. बाहेर बर्फ पडत होतं. सातच्या शोची तिकिटं आदल्या दिवशीच संपली होती, निम्मी आमच्या नेहमीच्या म्हाताऱ्या मंडळींनी घेतलेली आणि बाकीची बहुतेक कॉलेजच्या पोरांनी. आमच्या भागातली चार-पाच मराठी कुटुंबंही येणार होती.

मॅनेजरने सर्चलाइटच्या प्रिंट बघणाऱ्या बाईंना फोन लावला. मोठ्या कंपनीत अशा वेळी तुम्हाला एक नंबर देतात आणि तिथून दुसऱ्या नंबरवर पाठवतात. इथे बाईंनी स्वतः उचलला आणि म्हणाल्या, “फोन ठेवू नका.” दुसऱ्या फोनवरून त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या त्या थिएटरच्या मॅनेजरला प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये पिटाळलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. पेटी तिथेच होती, रिवाइंडरच्या, म्हणजे रीळ उलटं फिरवायच्या मशीनच्या टेबलाखाली. त्यांचा एक मुलगा गाडी काढायला तयार झाला, आमचा पॉपकॉर्नवरचा पोरगा इकडून निघाला, टर्नपाइक नावाच्या महामार्गावर मधल्या एका थांब्यावर दोघांनी भेटायचं ठरलं. चांगल्या रस्त्याने हे सहज जमलं असतं. बर्फात काही सांगता येत नव्हतं.

मॅनेजर म्हणाला, “सातचा शो रद्द करतो.”

मी त्याला सोलापूरची गोष्ट सांगितली. आमच्याकडे नव्या पिक्चरची एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची. इथे सहाचा खेळ, तिथे साडेसहाचा. इथलं रीळ संपलं की पोऱ्या डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून गर्दीतून सुटायचा. रीळ वेळेवर पोचलं नाही की प्रेक्षक शिट्ट्या मारायचे, पण खेळ बंद पडत नसे. “आपल्याकडे तीन रिळं आहेत, म्हणजे एक तास हातात आहे,” मी म्हणालो. “सुरू करू या. तिसऱ्या रिळानंतर लागलं तर मध्यंतर देऊ.” प्लॅटरवर हे अवघड होतं, तिथे सगळी रिळं आधी जोडून मगच मशीन सुरू करायची पद्धत होती.

त्याने जरा विचार केला आणि बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, “प्रेक्षकांना खरं काय ते सांगा, आणि ज्याला जायचंय त्याला पैसे परत द्या.” मॅनेजरने पडद्यापुढे उभं राहून तसंच सांगितलं. एकही माणूस उठला नाही.

सात वाजता दिवे गेले. केबिनच्या काचेतून मला पडदा दिसतो आणि स्पीकरवर आवाज येतो. पहिल्याच रिळात मुंबईची झोपडपट्टी, पोरांची पळापळ, हिंदीतले संवाद, आणि फ्रेममध्ये इकडे-तिकडे रंगीत चौकटींत उमटणारी सबटायटल्स. मुंबईचा तो कलकल आवाज न्यू जर्सीच्या बर्फात ऐकताना माझं काळीज हललं. पण कामात हात थांबवता येत नाही. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिली गोल खूण दिसली की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची. सातेक सेकंदांनी दुसरी खूण, तिला चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावर दुसऱ्या प्रोजेक्टरचं चित्र आणायचं. एक डोळा खुणेवर, दुसरा घड्याळावर.

प्रिंट महिनाभर चालून थकलेली होती. डॉल्बी डिजिटलचा आवाज फिल्मच्या कडेच्या भोकांच्या मधल्या जागेत छापलेला असतो. तिथे धूळ-चरे आले की मशीनला तो वाचता येत नाही आणि ते आपोआप जुन्या ऑप्टिकल ट्रॅकवर, म्हणजे फिल्मवरच्या साध्या आवाजाच्या पट्टीवर येतं. दुसऱ्या रिळात हे दोनदा झालं. खाली कोणाला कळलं नसेल, पण मला प्रत्येक वेळी आवाज किंचित बसल्यासारखा ऐकू यायचा. मी वहीत रिळाचा नंबर टिपून ठेवला.

तिसरं रीळ अर्ध्यावर असताना पॉपकॉर्नवरच्या पोऱ्याचा फोन आला. पेटी मिळाली होती, पण तो अजून वीस मिनिटं लांब होता. म्हणजे मध्यंतर नक्की. रीळ संपताच मी प्रोजेक्टरची झडप पाडली, दिवे लावले. अमेरिकन प्रेक्षकाला मध्यंतराची सवय नाही. क्षणभर सगळे बसून राहिले, मग हळूहळू उठले, कॉफी घेतली आणि एकमेकांशी बोलायला लागले. मी पायऱ्यांवरून डोकावलो. आमच्या मराठी मंडळींतल्या एक काकू शेजारच्या गोऱ्या आजींना पिक्चरमधल्या खेळाबद्दल, आपल्या केबीसीबद्दल सांगत होत्या, “अहो, खरंच असंच असतं, आमच्याकडे सगळं गाव टीव्हीपुढे बसायचं.” त्या आजी हातातली कॉफी विसरून ऐकत होत्या. त्या वीस मिनिटांत पिक्चरबद्दल जितकं बोलणं झालं तितकं त्या थिएटरात एरवी शो सुटल्यावरही मी ऐकलं नव्हतं.

पेटी आली तेव्हा तिच्यावर बर्फाचा थर होता. पोऱ्याने ती उचलून दोन जिने चढवून आणली. चौथं रीळ उघडलं तर शेवट बाहेरच्या बाजूला, म्हणजे आधी ते पूर्ण उलटं फिरवायला हवं. रिवाइंडरवर लावलं आणि फिल्मची कड बोटांतून जाऊ दिली. तिथल्या लोकांनी प्लॅटरसाठी रिळं जोडली होती आणि उतरवताना घाईने कापली होती. सुरुवातीची पट्टी नुसत्या टेपने लोंबत होती. ती नीट जोडली नसती तर प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यापुढून जाते त्या फटीत, अडकून फिल्म तुटली असती. थंडीतून आलेली फिल्म चिवट, ताठ लागत होती. जोड कापला, नवा घातला, नखाने दाबून बघितला. मॅनेजर दारात उभा राहून काही न बोलता बघत होता. रीळ लावलं, गेट बंद केलं, प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा चालू केला.

पुढची तीन रिळं सरळ गेली. शेवटी व्हीटीच्या फलाटावरचं गाणं लागलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि तो पोऱ्या ओल्या जॅकेटसकट केबिनच्या काचेला नाक लावून बघत होता.

सोमवारी सकाळी नेहमीसारखा बुकिंगचा फोन झाला. शनिवार-रविवारचे आकडे बघून त्या दिवशी ठरतं, कोणता पिक्चर राहणार आणि कोणता उतरणार. आमचे आकडे चांगले होते, पण थिएटर लहान. दुसऱ्या एखाद्या विभागाने प्रिंट काढून मोठ्या थिएटरला दिली असती. सर्चलाइटने ठेवली. मी मॅनेजरकडून फोन घेतला आणि प्रिंट बघणाऱ्या बाईंना दुसऱ्या रिळाच्या आवाजाचं आणि चौथ्याच्या जोडाचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. जानेवारीत पिक्चरला चार गोल्डन ग्लोब मिळाले आणि त्यानंतर आम्हाला दुसऱ्या रिळाची कोरी नक्कल आली, न मागता. २२ फेब्रुवारीला आठ ऑस्कर मिळाले, त्यातलं एक आवाजासाठी, रसूल पुकुट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्या रात्रीही पिक्चर आमच्याकडे चालू होता, आणि नव्या रिळावर डॉल्बी डिजिटल एकदाही पडला नाही.